मुंबईच्या हवेत लोखंड: ग्रिल, सळया, तवे आणि गंज

दर्याकाठ

पावसाळा सरला की "ग्रिलला कुठला रंग लावू?" हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरतात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. ग्रिलपासून सुरुवात करतो. सळया, स्टेनलेस, भांडी यांवर जाणकारांनी भर घालावी.

आधी थोडं रसायन, कारण ते कळल्याशिवाय पुढची कामं का करायची ते कळत नाही. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. एका ठिकाणी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो, शेजारच्या ठिकाणी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साईड बनवतो. दोघं मिळून पुढे तांबूस, भुसभुशीत गंज होतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साईड पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, त्यामुळे पाणी आणि हवा आत जातच राहतात.

मुंबईत यात मीठ मिसळतं. समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराईड नसतं, मॅग्नेशियम क्लोराईडही असतं. साधं मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, मॅग्नेशियम क्लोराईडला 33 टक्केच पुरतात. आपल्याकडे हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे भर मे महिन्यातही समुद्राकडच्या ग्रिलवर डोळ्यांना न दिसणारा ओला थर असतो.

क्लोराईड गंजात वापरलं जाऊन संपत नाही, हा त्याचा सर्वांत वाईट गुण. गंजाच्या खड्ड्याच्या तळाशी फेरस क्लोराईड तयार होतं, पाण्याशी त्याची क्रिया होऊन आम्ल सुटतं, ते आणखी लोखंड खातं आणि क्लोराईड पुन्हा मोकळं होतं. वरून तारेचा ब्रश मारून तुम्ही रंग लावलात तरी तळाशी हे चक्र चालू राहतं. सहा-आठ महिन्यांत रंगाला फोड येतात ते याचमुळे. त्यामुळे रंगाची कंपनी हा माझ्या मते दुय्यम मुद्दा आहे. मीठ खाली राहिलं तर महागडा रंगही टिकत नाही.

ग्रिल नीट निरखून बघा. पावसाचा मारा थेट बसणारी बाजू बऱ्यापैकी चांगली असते. छज्जाखालची, आडव्या पट्टीच्या पोटाकडची बाजू जास्त सडलेली असते, कारण तिथे मीठ बसतं पण पाऊस ते धुऊन नेत नाही. सफाईची सुरुवात तिथूनच करा.

---

कानस-पट्टी

उत्तम सुरुवात. ग्रिलच्या कामाचा क्रम मी देतो. एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) चौरस बार आणि पट्टी वापरून केलेलं नेहमीचं ग्रिल धरून चालू.

सुटलेला रंग आणि पापुद्रे छिन्नीने उडवा. मग ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावा, पण तिथेच थांबू नका. नुसता कप ब्रश फिरवला की गंज निघण्याऐवजी घासून चकचकीत होतो आणि साफ लोखंडासारखा दिसतो. त्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर मारलाच पाहिजे. वेल्डिंगच्या टाक्यांवर काचेसारखा स्लॅग राहिलेला असेल तर तो टोकदार हातोडीने काढा. ग्रिल पहिल्यांदा टाक्यांपाशी फुटतं, कारण स्लॅगवर रंग धरत नाही.

नवीन ग्रिल करून घेत असाल तर बारवरची निळसर-करडी पपडी, म्हणजे मिल स्केल, आधी काढायला सांगा. ती घट्ट दिसते म्हणून फॅब्रिकेटर तिच्यावरच रेड ऑक्साईड मारतात. तिला चीर गेली की त्या चिरेतलं उघडं लोखंड आसपासच्या स्केलपेक्षा भराभर गंजतं आणि स्केल रंगासकट सुटते.

त्यानंतरची पायरी जवळपास सगळे गाळतात: धुणं. नळाच्या गोड्या पाण्याने, नायलॉनच्या ब्रशने, सांधे आणि खड्डे घासून धुवा. वाळू द्या. अर्ध्या तासात नारिंगी झाक येईल, घाबरू नका. ती पेपरने काढा आणि पुन्हा धुवा. जिथे ती झाक ठिपक्यांच्या रूपात परत परत उठते तिथे मीठ शिल्लक आहे. खात्रीच हवी असेल तर पोटॅशियम फेरीसायनाईडच्या पातळ द्रावणात टीपकागदाच्या पट्ट्या भिजवून वाळवा आणि किंचित ओलसर लोखंडावर दाबा. फेरस क्षार असतील तिथे निळे ठिपके येतात. हे रसायन प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतं. आम्लात मात्र कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटू शकतो.

शेवटचं धुणं झालं की पूर्ण कोरडं करा, थिनरचा फडका फिरवा आणि त्याच दिवशी, तीन-चार तासांच्या आत प्रायमर लावा. रात्रभर उघडं ठेवलं तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रायमरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: स्वस्त रेड ऑक्साईडमधला लाल रंग गंज थांबवत नाही, तो फक्त रंगद्रव्य आहे. डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिलेलं बघा. जमलं तर दोन डब्यांचा इपॉक्सी झिंक फॉस्फेट घ्या. बेस आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळायचे, अंदाजाने नाही. मिसळलेला माल काही तासांत घट्ट होतो, म्हणून पुरेल तेवढाच कालवा.

कडा आणि टाके आधी छोट्या ब्रशने वेगळे रंगवा, मग पूर्ण हात द्या. ओला रंग कडेवरून मागे सरकतो, तिथे थर निम्म्यावर येतो आणि गंज कडेपासूनच सुरू होतो. प्रायमरचे दोन हात, वरून एनॅमलचे दोन. एनॅमलचा एक हात वाळल्यावर 30 ते 40 मायक्रॉन भरतो, त्यामुळे एका जाड हाताने काम उरकता येत नाही. जाड हात वरून वाळतो आणि आत मऊ राहतो. इपॉक्सीवर शेवटचा हात पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) द्या, कारण उघडी इपॉक्सी उन्हात पांढरी पडते आणि तिची भुकटी सुटते.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आर्द्रता 85 टक्क्यांवर असेल त्या दिवशी डबा उघडूच नका. सकाळी ग्रिल थंड असतं, दव बसलेलं असतं, म्हणून ऊन चढल्यावर सुरुवात करा.

---

चुनाभट्टी

जुना रंग खरवडताना एक सावधगिरी. जुन्या इमारतींत सगळ्यात खालचा थर शेंदरी असेल तर तो शिशाचा शेंदूर असू शकतो आणि पिवळसर-हिरवट प्रायमर झिंक क्रोमेटचा. दोन्ही विषारी. कोरडं ग्राइंडिंग टाळा, पाणी मारून खरवडा, चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांबद्दल काहीच गृहीत धरता येत नाही.

ग्रिलचे पाय भिंतीत जातात तिथे पीओपी भरू नका. त्यातलं जिप्सम ओलं झालं की लोखंड खातं. सिमेंटने भरा आणि लोखंड व भिंतीमधली फट पीयू सीलंटने बंद करा.

---

दर्याकाठ

कबुतरं आणि एसी राहिले. विष्ठेत क्षार असतात आणि तिचा ढीग ओल धरून ठेवतो, खालची पट्टी वर्षभरात चाळण होते. एसीचं पाणी तर तांब्याच्या कॉइलवरून येतं. त्यात तांब्याचे अंश असले तर ते जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) जस्तावर बसतात आणि तिथे खड्डे पडतात. पाइप ग्रिलच्या बाहेर काढून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. ग्रिलमधल्या कुंड्यांखालीही ट्रे हवा, आणि तो पायांवर उचललेला.

---

गच्चीवरचा

रस्ट कन्व्हर्टर वापरावा का? आणि सरळ जीआयचंच ग्रिल करून घेतलं तर?

---

कानस-पट्टी

कन्व्हर्टरमध्ये टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल गंजाशी जुळून निळं-काळं फेरिक टॅनेट होतं. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करत, तेच रसायन. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर ते उपयोगी आहे. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ते वरच्या वर काळं होतं आणि खाली काहीच पोचत नाही. क्लोराईडवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही, म्हणजे धुणं सुटत नाही. फॉस्फोरिकवाला असेल तर उरलेलं आम्ल धुऊन काढा, नाहीतर रंगाला फोड येतात.

जीआयबद्दल: बाजारात जीआय पाइप आणून वेल्ड केलं की टाक्यापाशी जस्त जळून जातं आणि नेमका तोच भाग उघडा पडतो. त्यावर झिंक रिच प्रायमर मारतात, पण तो मूळ थराची बरोबरी करत नाही. शिवाय वेल्डिंगच्या वेळी सुटणारा पांढरा धूर कारागिराला ताप आणतो, ते काम उघड्यावरच हवं. योग्य पद्धत म्हणजे एमएसमध्ये पूर्ण ग्रिल बनवून मग गॅल्व्हनायझिंगला पाठवणं. सुमारे 450 अंशाच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. बंद पाइप असेल तर भोकं पाडलेलीच हवीत, नाहीतर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप बाथमध्ये फुटतो. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, त्यामुळे छोटा ओरखडा पडला तरी तिथलं लोखंड वाचतं. रंगात हा गुण नाही.

नव्या जीआयवर साधं एनॅमल थेट लावू नका. एनॅमलमधल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन साबणासारखा थर होतो आणि रंग चादरीसारखा सुटतो. आधी एच प्रायमर (पृष्ठभाग किंचित खाऊन पकड घेणारा) किंवा इपॉक्सी.

---

वर्सोवा-खाडी

मग स्टेनलेस का नाही? आमच्या सोसायटीत 304 म्हणून लावलेल्या रेलिंगवर तपकिरी डाग आले आहेत.

---

चुनाभट्टी

दोन शक्यता. एक, ते 304 नसून 202 आहे. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, दिसायला दोन्ही सारखीच. लोहचुंबकाने फरक कळत नाही, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. मँगनीज तपासणाऱ्या द्रावणाची बाटली मिळते, थेंब टाकून बॅटरी जोडली की रंगावरून कळतं. पैसे देण्याआधी प्रत्येक पाइपवर करून घ्या.

दोन, माल खरा 304 आहे पण जागा समुद्रासमोर आहे. क्लोराईड क्रोमियमच्या अदृश्य थराला टोचून आत शिरतं. अशा जागी 316 लागतं, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं. मॅट फिनिशच्या ओरखड्यांत मीठ अडकतं, आरसा फिनिश त्यामानाने बरं. आणि कुठलंही स्टेनलेस असो, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसलं नाही तर डाग येणार. एमएसवर फिरवलेला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर वापरली तरी लोखंडाचे कण रुतून डाग येतात.

---

सळईवाला

आता सळया. ग्रिल सडलं तर बदलता येतं, स्लॅब बदलता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चांगल्या काँक्रीटचा पीएच 12.5 ते 13 असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर पातळ, घट्ट ऑक्साईडचा थर बसतो आणि ती पन्नास वर्षं तशीच राहू शकते. हा थर दोन प्रकारे मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साईड आत झिरपत जातो आणि पीएच 9 च्या खाली आणतो. किंवा क्लोराईड आत पोचतं, मग पीएच कितीही असो. खाडीची रेती न धुता वापरली असेल तर क्लोराईड पहिल्या दिवसापासून आतच असतं. आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) मध्ये आरसीसीसाठी क्लोराईडची मर्यादा घनमीटरमागे 0.6 किलो आहे.

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होतं. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण जवळजवळ नाहीच, त्यामुळे आतून फुगणाऱ्या सळईपुढे ते फुटतं. आधी सळईच्या रेषेत सरळ चीर, मग तपकिरी ओघळ, मग पोपडा. म्हणून सरळ रेषेतली चीर दिसली की गिलाव्याची चीर समजून पुट्टी भरू नका. नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोका. पोकळ आवाज आला तर पोपडा सुटलेला आहे, खाली कुणी उभं राहता कामा नये.

जुन्या इमारतींत हे लवकर का होतं? 1978 च्या आयएस 456 प्रमाणे स्लॅबला 15 मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) चालायचं. 2000 च्या आवृत्तीत समुद्रकिनाऱ्याच्या हवेत उघड्या भागाला किमान एम 30 प्रतीचं काँक्रीट आणि 45 मिमी कव्हर आहे, समुद्राचे तुषार येत असतील तर एम 35 आणि 50 मिमी. त्यात जुनी पीळ दिलेली टॉर सळई साध्या गोल सळईपेक्षा लवकर गंजते.

दुरुस्तीत गोंधळ कुठे होतो ते सांगतो. ठेकेदार पोपडा पाडतो, दिसणारी सळई ब्रशने घासतो, काहीतरी पांढरं-करडं फासतो आणि गिलावा करतो. दोन वर्षांत शेजारी नवीन पोपडा. कारण सळईची मागची बाजू जुन्या खारट काँक्रीटमध्येच राहिली. काँक्रीट सळईच्या मागे 20-25 मिमी जाईपर्यंत फोडलं पाहिजे, बोटं पलीकडून फिरली पाहिजेत. लांबीत चांगली सळई लागेपर्यंत फोडत जायचं. व्यास मोजा, छेद पाचव्या हिश्शाहून जास्त गेला असेल तर नवी सळई जोडायची, आणि ओव्हरलॅप किती ते स्ट्रक्चरल इंजिनीअरने लिहून द्यायचं. मग सळईवर झिंक रिच प्रायमर, जुन्या काँक्रीटवर बाँड कोट (जुनं-नवं जोडणारा चिकट थर), आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर. एका वेळी 10 ते 15 मिमी थर, त्याहून जाड भरलं तर स्वतःच्या वजनाने लोंबतं. जास्त खोलीला फॉर्मा (साचा) बांधून मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, ओतता येणारं).

सगळं नीट केलं तरी एक धोका राहतो. दुरुस्त केलेला तुकडा आता सुरक्षित असतो. आधी तो गंजत असल्यामुळे शेजारचा भाग वाचत होता. आता शेजारच्या खारट काँक्रीटमधली सळई गंजू लागते. मीठ जास्त असलेल्या स्लॅबमध्ये तुकड्याच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे ॲनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बांधतात ते यासाठी. खर्च वाढतो, पण समुद्रासमोरच्या बाल्कन्यांना मी ते टाळणार नाही.

इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये दोन चाचण्या मागाच. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात: गुलाबी झालं तिथे अल्कधर्म शाबूत, बिनरंगी राहिलं तिथे गेला. बिनरंगी पट्टी सळईपर्यंत पोचली का ते मोजून लिहून घ्या. दुसरी हाफ सेल चाचणी (सळईचं विद्युत विभव मोजणारी): कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. नुसते फोटो लावलेला अहवाल स्वीकारू नका. 30 वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 353 ब प्रमाणे बंधनकारक आहे.

---

गच्चीवरचा

फारच उपयुक्त. नवीन सळई घेताना काय बघायचं?

---

सळईवाला

वजन. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किलो. 8 मिमी 0.395, 12 मिमी 0.889. मीटरभर तुकडा कापून काट्यावर ठेवा. आयएस 1786 (सळयांचं भारतीय मानक) मध्ये 10 मिमीपर्यंत 7 टक्के फरक चालतो, त्यावर 16 मिमीपर्यंत 5, पुढे 3. त्याहून हलकी सळई परत पाठवा. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल येतो तेव्हा टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) बंडलच्या टॅगशी जुळवा. साइटवर सळया जमिनीवर टाकू नका. हलका तांबूस गंज चालतो, काँक्रीट त्याला चांगलं धरतं. हाताला पापुद्रे लागत असतील किंवा खड्डे दिसत असतील तर चालत नाही.

---

भिड्यावरचं घावन

स्वयंपाकघरासाठी जागा आहे ना? तव्यांबद्दल लिहिते.

बिडाच्या तव्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. म्हणून बीड ठिसूळ. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की तडकतो, आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापवल्याशिवाय मोठी आच देऊ नये. पोळीचा पत्र्याचा तवा माइल्ड स्टीलचा, कार्बन पाव टक्क्याच्या आत. तो वाकतो पण तडकत नाही.

नवा तवा गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासून वरचं तेल-मेण काढा. आचेवर पूर्ण वाळवा. मग जवसाचं किंवा सूर्यफुलाचं तेल अगदी थोडं लावा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा, तेल लावलंच नाही असं वाटेपर्यंत. धूर येईपर्यंत तापवा, गार करा. असं चार-पाच वेळा. असंपृक्त तेल तापून एकमेकांत गुंफलं जातं आणि टणक काळा थर होतो. जास्त तेल राहिलं तर तो थर चिकट होतो, घावन तिथेच धरतं. खोबरेल संपृक्त असल्यामुळे असा थर करत नाही.

पावसाळ्यात तवा धुतल्यावर फडक्याने पुसून भागत नाही. दोन मिनिटं आचेवर ठेवा, कोमट असताना तेलाचं बोट फिरवा, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा.

आमसुलं, चिंच, टोमॅटो घालून लोखंडी कढईत उकळू नका. आम्ल थर खातं आणि आमटीला लोखंडाची चव येते. वांगी, केळफूल काळं पडतं ते त्यातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे, वर शाईचं लिहिलंय तेच. अपायकारक नाही.

अन्नात लोह उतरतं हे खरं. लिंबू पिळलं तर ते जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. पण ॲनिमियावर तवा हे औषध नाही, हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच गोळ्या घ्या. थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असतं, त्यांच्या घरी लोखंडी भांड्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मूठभर गोळ्या जिवावर बेततात.

---

वर्सोवा-खाडी

विळीचं पातं आणि जुने पाने (स्पॅनर) गंजलेत. ॲसिडमध्ये टाकू का?

---

कानस-पट्टी

बाथरूम साफ करायचं ॲसिड नको. ते हायड्रोक्लोरिक आहे, म्हणजे पुन्हा क्लोराईडच. त्याच्या वाफेने शेजारची अवजारंही गंजतात. ब्लीचबरोबर मिसळलं तर क्लोरीन वायू.

लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, त्यात दोन-तीन तास ठेवा. मधून ब्रश फिरवा. रात्रभर ठेवलं तर चांगलं लोखंडही झिजून करडं, खरबरीत होतं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, ताबडतोब तापवून वाळवा, तेल लावा. विळीच्या पात्याला खायचं तेलच लावा.

मोठ्या अवजाराला वीज वापरता येते. प्लास्टिकच्या बादलीत लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा चार्जर, अवजार ऋण टोकाला, टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकाला. दोघांचा स्पर्श होऊ देऊ नका. सोड्याऐवजी मीठ घालू नका, क्लोरीन सुटतो. धन टोकाला स्टेनलेस लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून गॅलरीत, आगीपासून लांब. स्प्रिंग यात टाकू नका, हायड्रोजन शिरून ठिसूळ होतात.

---

गच्चीवरचा

शेवटचं. ग्रिलच्या ओघळांनी पांढऱ्या टाइल्सवर आणि वाळत घातलेल्या शर्टवर डाग पडलेत. ब्लीचने जात नाहीत.

---

भिड्यावरचं घावन

ब्लीचने जाणारच नाहीत, ब्लीच ऑक्सिडीकरण करून डाग आणखी पक्का करतं. लोहाला धरून पाण्यात नेणारं आम्ल हवं. शर्टवर लिंबू आणि मीठ लावून उन्हात तासभर ठेवा, मग भरपूर पाण्यात खळबळा, म्हणजे मीठही निघेल. टाइलवर ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण, हातमोजे घालून, दहा मिनिटं, मग धुवा. ते विषारी आहे, बाटलीवर नाव लिहून मुलांपासून लांब ठेवा. संगमरवर किंवा कडाप्पा असेल तर कुठलंच आम्ल नको, दगड खाल्ला जातो. आणि आधी ब्लीच लावलं असेल तर ते पूर्ण धुऊन काढल्याशिवाय आम्ल लावू नका.